मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि अवयवदान : वैद्यक, कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण

मूत्रपिंडे निकामी झालेला एखादा रुग्ण आज आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयात असतो. त्याच्यासाठी मिस्सेत प्रार्थना केली जाते, उपचारांसाठी मदतीचे आवाहन होते आणि कोणी तरी हलक्या आवाजात विचारतो, "किडनी बदलता येत नाही का?" प्रश्न पाच शब्दांचा आहे. त्याच्या उत्तरात मात्र वैद्यकशास्त्र, देशाचा कायदा, कुटुंबातील नाती आणि आपली श्रद्धा या साऱ्यांचा संबंध येतो. वाचकांना हा विषय मुळापासून समजावा, या हेतूने आम्ही पुढील माहिती संकलित केली आहे.

मूत्रपिंडांचे कार्य

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या भागात घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाचे वजन सुमारे १५० ग्रॅम असते. मुठीएवढ्या या अवयवात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सारा रक्तात परत जातो व दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर पडतो. रक्त शुद्ध करणे हे त्यांचे एक काम झाले. रक्तदाब नियंत्रित ठेवणे, रक्तातील तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना देणारे संप्रेरक स्रवणे आणि हाडांसाठी आवश्यक असलेले ड जीवनसत्त्व कार्यक्षम करणे, हीही त्यांचीच कामे होत. म्हणूनच मूत्रपिंडाच्या रुग्णाला केवळ सूज येत नाही. त्याचे रक्त कमी होते, हाडे दुखतात, भूक मरते व थकवा जात नाही.

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे आहेत. मूत्रपिंडाचा दाह, मुतखड्यामुळे दीर्घकाळ राहिलेला अडथळा, काही आनुवंशिक विकार आणि डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या ही इतर कारणे होत. हा विकार बहुधा मुकाट्याने वाढतो. कार्यक्षमता बरीच घटेपर्यंत रुग्णाला काही जाणवत नाही. त्यामुळे मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. ही तपासणी अल्प खर्चाची आहे.

कार्यक्षमता पंधरा टक्क्यांच्या खाली गेली की पुढच्या उपायांची तयारी करावी लागते. ते उपाय दोनच आहेत : डायलिसिस किंवा प्रत्यारोपण.

डायलिसिस : आधार, पण अपुरा

रक्ताच्या डायलिसिसमध्ये रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून शुद्ध केले जाते. साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास हा उपचार घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात पोटात विशिष्ट द्राव सोडून घरच्या घरी शुद्धीकरण करता येते. या उपचारांमुळे असंख्य रुग्ण जगले आहेत. तथापि यंत्र हे मूत्रपिंडाच्या कार्याचा काही अंशच पार पाडू शकते. पाण्याचा प्रत्येक पेला मोजून प्यावा लागतो, फळे व मीठ यांवर बंधने येतात, नोकरी टिकवणे कठीण जाते. आठवड्याचे तीन दिवस रुग्णाबरोबर घरातील आणखी एक माणूस अडकून पडतो. ज्या रुग्णांची प्रकृती शस्त्रक्रिया सोसू शकते, त्यांच्यासाठी प्रत्यारोपण हाच अधिक चांगला मार्ग होय. त्यामुळे आयुष्य वाढते आणि ते अधिक मोकळेपणाने जगता येते.

प्रत्यारोपणाची वाटचाल

मृत व्यक्तीचे मूत्रपिंड माणसाला बसविण्याचा पहिला प्रयत्न १९३३ साली युक्रेनमधील युरी व्होरोनॉय या शल्यविशारदाने केला. तो यशस्वी झाला नाही. परक्या अवयवाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्यावर हल्ला करते, ही त्यातील मुख्य अडचण होती. ती पुढे बॉस्टन येथे टळली. २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणाचे मूत्रपिंड त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाला बसविले. दोघांच्या शरीरांची घडण तंतोतंत सारखी असल्याने नव्या मूत्रपिंडाचा स्वीकार झाला आणि रुग्ण आणखी आठ वर्षे जगला. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते श्रद्धावान कॅथोलिक होते व त्यांचे शिक्षण येशूसंघीयांच्या महाविद्यालयात झाले होते.

परंतु जुळी भावंडे किती जणांना असणार? प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे १९६० च्या दशकात उपलब्ध झाली. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आले आणि प्रत्यारोपण ही सर्वत्र होणारी शस्त्रक्रिया बनली. आपल्या देशात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात झाले, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

शस्त्रक्रिया कशी होते?

आपण "किडनी बदलली" असे म्हणतो. प्रत्यक्षात ती बदलली जात नाही. रुग्णाची मूळ मूत्रपिंडे बहुधा जागच्या जागीच ठेवतात. नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूस, मांडीच्या वरच्या अंगाला बसवितात. तेथील रोहिणी व नीला यांना त्याच्या रक्तवाहिन्या जोडतात आणि त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात. म्हणजे रुग्णाच्या शरीरात आता तीन मूत्रपिंडे असतात व त्यांपैकी एक काम करते. जिवंत दात्याचे मूत्रपिंड पुष्कळदा शस्त्रक्रिया चालू असतानाच लघवी तयार करू लागते. मृत दात्याच्या मूत्रपिंडाला कधी कधी काही दिवस लागतात आणि तोवर डायलिसिस चालू ठेवावे लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तगट जुळतो का ते पाहतात. रक्तगटातील "पॉझिटिव्ह" व "निगेटिव्ह" हा भेद मूत्रपिंडाच्या बाबतीत अडसर ठरत नाही. त्यानंतर ऊतींची जुळणी पाहतात. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का, हे पाहणारी "क्रॉसमॅच" चाचणी विशेष महत्त्वाची असते. रक्तगट जुळत नसतानाही विशेष उपचारांनी आज काही ठिकाणी प्रत्यारोपण करतात. मात्र त्याचा खर्च व धोका अधिक असतो.

प्रत्यारोपण म्हणजे रोगमुक्ती नव्हे, हे आम्ही येथे स्पष्ट करू इच्छितो. नवे मूत्रपिंड शरीरात असेपर्यंत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ठरलेल्या वेळी घ्यावीच लागतात. बरे वाटते म्हणून वा पैसे नाहीत म्हणून ती थांबविल्यास शरीर त्या अवयवाचा अव्हेर करते. या औषधांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, काहींना मधुमेहही होतो. जिवंत दात्याचे मूत्रपिंड सरासरीने पंधरा ते वीस वर्षे, तर मृत दात्याचे दहा ते पंधरा वर्षे काम करते. काहींचे याहून बराच काळ टिकते. म्हणून रुग्णाला मदत करू इच्छिणाऱ्यांनी केवळ शस्त्रक्रियेच्या खर्चाचा विचार न करता पुढील अनेक वर्षांच्या औषधांचाही विचार करावा.

जिवंत दाता आणि कायदा

निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर व्यवस्थित जगू शकतो. उरलेले मूत्रपिंड आकाराने वाढून बरेचसे काम उचलते. त्यामुळे जिवंतपणी मूत्रपिंड देणे शक्य होते. दाता अठरा वर्षांवरील, निरोगी आणि स्वेच्छेने तयार असावा लागतो. आज बहुतेक ठिकाणी त्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे होते व तो काही दिवसांत घरी जातो. तथापि ती मोठी शस्त्रक्रियाच आहे. अल्प का होईना, तीत धोका असतो आणि दात्याने पुढे आयुष्यभर वर्षाकाठी तपासणी करून घेणे आवश्यक असते.

एकेकाळी आपल्या देशात गरिबांची मूत्रपिंडे विकत घेण्याचा धंदा राजरोस चालत असे. त्याला आळा घालण्यासाठी १९९४ साली संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो ज्या राज्यांत प्रथम अमलात आला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा यांचा समावेश होता. २०११ साली त्यात सुधारणा झाली. त्यानुसार आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, पती, पत्नी, आजी-आजोबा व नातवंडे हे "निकटचे नातेवाईक" ठरतात. इतर कोणी प्रेमापोटी मूत्रपिंड देऊ इच्छीत असल्यास प्राधिकार समितीची परवानगी लागते. या दानामागे पैशांचा व्यवहार नाही, याची समिती खात्री करून घेते. दोन कुटुंबांतील दाते आपापल्या रुग्णाशी जुळत नसतील, पण एकमेकांच्या रुग्णाशी जुळत असतील, तर अदलाबदलीलाही कायद्याची मुभा आहे. अवयवांची खरेदी-विक्री करणाऱ्यास पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे.

भारतात २०२३ साली तेरा हजारांहून अधिक मूत्रपिंड प्रत्यारोपणे झाली. त्याच वर्षी अवयवदान झालेल्या मृत दात्यांची संख्या सुमारे अकराशे होती. याचा अर्थ असा की, आपल्याकडील बहुतेक मूत्रपिंडे जिवंत माणसांकडूनच येतात. त्या जिवंत दात्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच अधिक आहे आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते. पत्नी आजारी पडली तर मात्र "मिळवणारा तोच एकटा" म्हणून पतीला वगळले जाते. आईच्या व पत्नीच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्याग तोच, जो मोकळ्या मनाने होतो. घरातील सर्वांच्या नजरा आपल्यावर खिळल्या आहेत म्हणून दिलेला होकार हा दान नव्हे. कायद्यालाही याची जाण आहे. दाता स्त्री असेल तर तिची संमती स्वतंत्रपणे दिलेली आहे, याची पुष्टी रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने करावी, असा नियम आहे. "मला भीती वाटते" असे म्हणणाऱ्या बहिणीला वा सुनेला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मृत्यूनंतरचे अवयवदान वाढले, तर जिवंत माणसांवरील हा भार हलका होईल. आमच्या मते या विषयातील कळीचा मुद्दा हाच आहे.

मस्तिष्कमृत्यू म्हणजे काय?

घरी नेहमीच्या पद्धतीने मृत्यू झाल्यास मूत्रपिंडे देता येत नाहीत, कारण रक्तपुरवठा थांबताच ती निकामी होऊ लागतात. अशा वेळी डोळे दान करता येतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढावे लागतात. नेत्रपेढीचे पथक येईपर्यंत मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीने थोडे उंच करावे आणि पंखा बंद करावा.

मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसे, स्वादुपिंड व आतडे यांचे दान बहुतांशी मस्तिष्कमृत्यूनंतर होते. डोक्याला झालेली जबर इजा किंवा मेंदूतील रक्तस्राव यांमुळे मेंदूचा खालचा भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, कायमचा नष्ट होतो. श्वास आणि शुद्ध यांचे केंद्र तेथेच असते. असा माणूस पुन्हा कधीही स्वतः श्वास घेऊ शकत नाही. मात्र हृदयाला स्वतःची लय असते. कृत्रिम श्वसनयंत्राने प्राणवायू मिळत राहिला तर ते काही काळ धडधडत राहते. शरीर उबदार लागते, छाती वरखाली होते. नातेवाइकांचा गोंधळ नेमका येथेच होतो. बेशुद्धावस्थेतील रुग्ण जिवंत असतो; मस्तिष्कमृत्यू झालेली व्यक्ती वैद्यकीय व कायदेशीर दृष्ट्या मरण पावलेली असते. हा भेद नीट समजून घ्यावा.

कायद्याने हे निदान चार डॉक्टरांच्या मंडळावर सोपविले आहे. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणीही त्यात असू शकत नाही. बाहुल्यांवर प्रकाश टाकणे, डोळ्याला स्पर्श करणे, कानात थंड पाणी सोडणे, घशाला उद्दीपित करणे अशा चाचण्यांना काही प्रतिसाद मिळतो का, ते पाहिले जाते. शेवटी, प्राणवायू चालू ठेवून श्वसनयंत्र बाजूला करतात आणि रुग्ण स्वतः श्वास घेण्याचा प्रयत्न करतो का, हे तपासतात. गुंगीची औषधे वा शरीराचे घटलेले तापमान यांमुळे ही अवस्था आलेली नाही, याची आधी खात्री करावी लागते. निदान सहा तासांच्या अंतराने या साऱ्या चाचण्या दोनदा होतात.

त्यानंतरच प्रत्यारोपण समन्वयक नातेवाइकांना अवयवदानाविषयी विचारतो. कुटुंबाने नकार दिल्यास कोणीही सक्ती करू शकत नाही. होकार दिल्यास पुढील वैद्यकीय खर्च कुटुंबावर पडत नाही. अपघाताचे प्रकरण असल्यास पोलिसांची परवानगी घेतात. एका दात्याकडून आठ अवयवांपर्यंत दान होऊ शकते. हृदय चार ते सहा तासांत बसवावे लागते. मूत्रपिंड शीत अवस्थेत चोवीस तास किंवा त्याहून थोडे अधिक टिकते. रस्ते मोकळे करून रुग्णवाहिका नेल्याच्या "ग्रीन कॉरिडॉर"च्या बातम्या आपण वाचतो, त्यामागचे कारण हेच.

हे अवयव कोणाला द्यायचे, हे ना कुटुंब ठरविते ना एखादा डॉक्टर. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे प्रतीक्षायादीनुसार त्यांचे वाटप करतात. रुग्ण आपले नाव नोंदणीकृत प्रत्यारोपण रुग्णालयामार्फत या यादीत घालू शकतो. मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदविताना असलेली ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि त्याच राज्याचा रहिवासी असण्याची अट केंद्र शासनाने २०२३ साली काढून टाकली.

ख्रिस्तसभेची शिकवण

संत कॉस्मस व संत दामियान या वैद्य बंधूंनी एका मृत माणसाचा पाय आजारी भाविकाला जोडला, अशी प्राचीन आख्यायिका आहे. आख्यायिकेला इतिहास मानण्याचे कारण नाही. पण एकाच्या देहाने दुसऱ्याला आधार द्यावा, ही कल्पना ख्रिस्ती मनाला कधीच परकी नव्हती, हे तिच्यातून दिसते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ सालच्या "एव्हांजेलियुम व्हिते" या परिपत्रकात, नैतिक मर्यादा पाळून केलेल्या अवयवदानाची गणना दैनंदिन जीवनातील वीरकृत्यांत केली. २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे त्यांनी या विषयाचे सविस्तर विवेचन केले. मेंदूचे कार्य पूर्णतः व कायमचे थांबणे हा मृत्यूचा निकष काटेकोरपणे लावला, तर तो मानवाविषयीच्या ख्रिस्ती दृष्टीशी विसंगत नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. अवयवांचा व्यापार त्यांनी त्याज्य ठरविला, आणि वाटप करताना धर्म, वंश वा सामाजिक प्रतिष्ठा न पाहता वैद्यकीय गरजच पाहावी, असे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ साली इटलीतील अवयवदात्यांच्या संघटनेपुढे बोलताना हे दान निःस्वार्थ व विनामूल्य असण्यावर भर दिला. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार मृत्यूनंतरचे अवयवदान हे उदात्त व पुण्यप्रद कृत्य आहे. मात्र दात्याची वा त्याच्या वतीने बोलणाऱ्यांची स्पष्ट संमती हवी. दुसऱ्याला वाचविण्यासाठीही कोणाचा मृत्यू घडवून आणणे वा कोणास पंगू करणे कदापि समर्थनीय नाही.

केरळमध्ये या शिकवणीची दोन उदाहरणे घडली. त्रिशूर महाधर्मप्रांतातील फादर डेव्हिस चिरमेल यांनी २००९ साली, तर पाला धर्मप्रांताचे साहाय्यक बिशप जेकब मुरिकन यांनी २०१६ साली आपले एक मूत्रपिंड दान केले. दोन्ही वेळा ते मिळालेला रुग्ण त्यांचा नातेवाईक नव्हता आणि ख्रिस्तीही नव्हता. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्याचा अर्थ सांगायला याहून वेगळे प्रवचन नको.

काही भाविकांच्या मनात अजूनही शंका असते : देह अपुरा पुरला तर अखेरच्या दिवशी पुनरुत्थान कसे होणार? संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मृत देहाला पेरलेल्या बीजाची उपमा दिली आहे. बी जसेच्या तसे उगवत नाही. देव त्याला नवे रूप देतो. अग्नीत जाळलेल्या, श्वापदांपुढे टाकलेल्या रक्तसाक्ष्यांच्या पुनरुत्थानाविषयी ख्रिस्तसभेने कधी शंका घेतली नाही. मग दुसऱ्याच्या देहात जीव ओतण्यासाठी दिलेल्या मूत्रपिंडाविषयी का घ्यावी? दुसरी शंका अंत्यविधीची. अवयव काढल्यावर देह व्यवस्थित शिवून सन्मानाने परत दिला जातो. मृताचा चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यदर्शन, मिस्सा व दफनविधी नेहमीप्रमाणे करता येतात.

आपण काय करावे?

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेकडे अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदविता येते. ती नंतर मागेही घेता येते. परंतु केवळ कार्ड खिशात ठेवून भागत नाही. निर्णयाच्या क्षणी आपण बोलू शकणार नसतो. अतिदक्षता विभागाबाहेर, दुःखाने सुन्न झालेल्या पतीला, पत्नीला वा मुलांना तो काही तासांत घ्यावा लागतो. मृताची इच्छा ठाऊक नसल्यास बहुतेक जण "नको" म्हणतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. ठाऊक असेल तर त्यांच्यावरचे मोठे ओझे उतरते. त्यांना निर्णय घ्यावयाचा नसतो, केवळ आपल्या माणसाचा शब्द पाळावयाचा असतो.

म्हणून आमची वाचकांना नम्र सूचना आहे. एखाद्या संध्याकाळी कौटुंबिक रोझरी आटोपल्यावर हा विषय घरात काढा. वडीलधाऱ्यांनी आपली इच्छा स्पष्ट शब्दांत सांगावी, तरुणांनीही सांगावी. कोणाचे मन तयार नसेल तर त्याचाही आदर करावा. ज्यांना शंका असतील त्यांनी डॉक्टरांशी व आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. दरवर्षी ३ ऑगस्ट रोजी पाळल्या जाणाऱ्या भारतीय अवयवदान दिनाच्या निमित्ताने धर्मग्रामातील संघटनांनी जवळच्या रुग्णालयातील समन्वयकास बोलावून माहितीसत्र घ्यावे. आपला देह ही परमेश्वराने दिलेली देणगी आहे. जिवंतपणी ती जपणे हे आपले कर्तव्य आहे, आणि आपल्याला तिची गरज उरणार नाही तेव्हा ती कोणाच्या उपयोगी पडावी, हे आजच सांगून ठेवणे आपल्या हाती आहे.